कंडेन्सरची जागा

पेन्सिलीच्या टोकाचं रबर बोर्डावर टेकवून हलकी टिचकी मारली आणि हेडफोनमध्ये ‘टंग’ असा आवाज आला. खरं तर आवाज यायला नको होता. माइकची कॅप्सूल, म्हणजे ज्याला ऐकू येतं तो भागच, मी काढून बाजूला ठेवला होता आणि त्याच्या जागी ६८ पिकोफॅरडचा एक साधा कंडेन्सर तात्पुरता जोडला होता. बाहेरची गुणगुण आत शिरू नये म्हणून सगळा बोर्ड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला, झाकण घट्ट लावलेलं, झाकणाला पेन्सिल जाईल एवढी भोकं. कान काढून ठेवला तरी माइकला ऐकू येत होतं.

एकेका भागाला टिचकी मारत गेलो. रेझिस्टर गप्प. ट्रान्झिस्टर गप्प. कॅप्सूल आणि पहिला ट्रान्झिस्टर यांच्या मधला, मसुरीच्या दाण्याएवढा पिवळट सिरॅमिक कंडेन्सर मात्र प्रत्येक टिचकीला घंटेसारखा वाजत होता. तो काढून तिथं तेवढ्याच मापाचा, पण वेगळ्या मातीचा सिरॅमिक लावला. दोघांच्याही अंगावर १०२ हाच आकडा : दहावर दोन शून्यं, एक हजार पिकोफॅरड. हा दुसरा टिचकीला काही बोललाच नाही.

हे दोन्ही दाणे पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेले. तिथं ज्या दुकानात मी बरीच वर्षं जातो, तिथले काका मूल्य ऐकून लगेच खण उघडत नाहीत.

“काका, एकशेदोन द्या.”

“कुठं लावणार?”

“माइकमध्ये.”

“माइकमध्ये कुठं?”

पहिल्या खेपेला हा दुसरा प्रश्न मी मनावर घेतला नव्हता. ‘कुठंही लावा, हजार पिको म्हणजे हजार पिको,’ अशी तेव्हा माझी समजूत. टंग वाजल्यावर दुसऱ्या दिवशी परत गेलो, तेव्हा त्यांनी वेगळ्या खणातून ‘एनपीओ’ काढून दिला. ध्वनियंत्रं हातानं जोडणाऱ्या माणसाला कंडेन्सरबद्दल जे शिकायचं असतं, त्यातलं निम्म्याहून अधिक त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

पुस्तकात हल्ली कपॅसिटर म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत धारित्र. पण घराघरात तो कंडेन्सरच आहे. पंखा हळू फिरायला लागला की वायरमन म्हणतो, “कंडेन्सर गेलाय.” इंग्रजीतून मागे पडलेला हा शब्द आपल्याकडे पंख्यानं जपला आणि जगभर ‘कंडेन्सर माइक’नं. वस्तू एकच : दोन धातूचे पत्रे आणि मधे वीज जाऊ न देणारं काहीतरी. १७४६ च्या सुमारास हॉलंडमधल्या लायडन गावी म्युशेनब्रुकनं काचेच्या बरणीत वीज साठवली, तेव्हा ते मधलं काहीतरी म्हणजे काच होती. त्यानंतर कागद आला, अभ्रक आलं, मग नाना प्रकारचं प्लॅस्टिक आणि सिरॅमिक. कंडेन्सरची जात ठरते ती या मधल्या थरावरून. आणि कंडेन्सर माइकमध्ये मधला थर असतो हवा. एका बाजूला पितळेची भोकं पाडलेली जाड चकती, दुसऱ्या बाजूला काही मायक्रॉन जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पडदा, आणि मधे केसाच्या जाडीहून कमी अंतर. आवाजानं पडदा हलला की अंतर बदलतं, अंतर बदललं की धारिता बदलते. अमेरिकेत ई. सी. वेंटनं १९१६ मध्ये पहिला असा माइक केला. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये आजही आदरानं उच्चारलं जाणारं नॉयमनचं यू ८७ हे नाव १९६७ चं, पण आतलं तत्त्व वेंटचंच. म्हणजे माइक स्वतःच एक कंडेन्सर आहे, आणि त्याच्यामागे आपण लावतो ते सगळे त्याचे भाऊबंद.

माइकमध्ये जागा इतकी नाजूक का, ते आकड्यांत सांगितल्याशिवाय कळत नाही. कॅप्सूलची धारिता साधारण ६० पिकोफॅरड धरा. एवढ्याशा धारितेतून शंभर हर्ट्झचा खर्ज गळू द्यायचा नसेल, तर पुढचा रेझिस्टर प्रचंड मोठा लागतो. प्रत्यक्षात तो एक गिगाओहम, म्हणजे शंभर कोटी ओहम असतो. या जोडीचा खालचा काठ, म्हणजे ज्याच्याखालचे सूर गळत जातात ती मर्यादा, येतो अडीच-पावणेतीन हर्ट्झवर. छान. पण आता बोर्डावर कुठं जरा ओल धरली, बोटांचा घाम राहिला, फ्लक्सचा चिकट डाग राहिला आणि त्यातून शंभर कोटींऐवजी एक कोटी ओहमची वाट तयार झाली, तर तोच काठ २६५ हर्ट्झवर चढतो. तबल्याचा बायाँ जातो, पुरुषाच्या आवाजातला पोटातला भाग जातो, आणि फुसफुस वाढते ती वेगळीच. पुण्यात जुलै महिना म्हणजे काय ते सांगायला नको. कोकणात तर विचारूच नका. ज्या कंडेन्सरमधून वीज इवलीशीही झिरपते, तो या जागी चालत नाही. आणि ज्याला हादरा कळतो, तोही नाही.

माझा पिवळा दाणा दुसऱ्या कारणानं नापास झाला. स्वस्त, मोठी धारिता छोट्या अंगात बसवणारे सिरॅमिक बेरियम टायटनेटचे असतात. त्यांच्यावर एक्स-सेव्हन-आर अशी खूण असते. हे द्रव्य दाबलं की वीज देतं. जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या सिरॅमिक पिकअपमध्ये त्याचा हाच गुण कामाला लावलेला होता. म्हणजे ज्या वस्तूनं एके काळी तबकडीच्या खाचा वाचल्या, ती मी माइकच्या सर्वांत हळव्या जागी बसवली होती. एनपीओ, ज्याला कागदोपत्री सी-झिरो-जी म्हणतात, त्याची माती निराळी. त्याच्यात हा गुण नाही, तापमानानं त्याचं मूल्य जवळजवळ हलत नाही आणि व्होल्टेजनंही नाही.

एनपीओच्या आधी या जागेचा मानकरी होता पॉलिस्टायरीन. पारदर्शक, चंदेरी, आतल्या गुंडाळ्या दिसणारा, रेशमाच्या किड्याच्या कोशासारखा. गुणांनी आजही तो कुणाला हार जाणार नाही. त्याची फिल्म आता जवळपास बनत नाही. मिळतात ते बहुतेक जुन्या साठ्यातले. असे चार मी जपून ठेवले होते. एक लावला, आणि फ्लक्स निघावा म्हणून बोर्ड थिनरनं पुसला. पॉलिस्टायरीन थिनरमध्ये विरघळतं, हे मला वाचून माहीत होतं आणि हात चालू असताना आठवलं नाही. कोशाची कड डोळ्यांदेखत पांढुरकी झाली, मऊ पडली, आणि तासाभरानं मूल्य मोजलं तर ते स्थिरच राहीना. उरलेले तीन अजून डबीत आहेत. आता त्यांच्या शेजारी फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल येतं, आणि डाग देताना पायाला चिमटा लावतो, कारण ८५ अंशांच्या पुढे त्याला उष्णताही सोसत नाही.

सिल्व्हर मायका हा या घराण्यातला आणखी एक जुना माणूस. अभ्रक म्हटलं की आपल्याला आधी वैद्यांचं अभ्रक भस्म आठवतं, पण विसाव्या शतकातल्या रेडिओचा फार मोठा भाग अभ्रकाच्या पापुद्र्यांवर उभा होता आणि त्यातलं उत्तम अभ्रक जात होतं कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यातून, तेव्हाच्या बिहारमधून, आताच्या झारखंडातून. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या बिनतारी यंत्रांना त्याची एवढी गरज होती की युद्धसामग्रीतच त्याची गणना झाली. पापुद्रे सोलायचे ते हातानं, सुरीनं, आणि बोटांच्या अंदाजानं. खाणी ओस पडल्यावर त्याच भागात ढिगाऱ्यांतून अभ्रक वेचणाऱ्यांमध्ये लहान मुलं असल्याचं पुन्हा पुन्हा उघड झालं आहे. ‘जुन्या मायकाचा आवाज गोड’ असं कुणी म्हणालं की मला त्या गोडव्याबद्दल वाद घालावासा वाटत नाही, पण ती बोटं डोळ्यांसमोर येतात.

आता माइकमधून बाहेर पडू. केबलच्या दुसऱ्या टोकाला मिक्सर असतो, आणि मिक्सर त्याच केबलमधून माइकला ४८ व्होल्ट पाठवतो. ४८ च का? १९६६ मध्ये नॉर्वेच्या आकाशवाणीला ट्रान्झिस्टरचे नवे माइक हवे होते. तिथल्या स्टुडिओंत हिवाळ्याच्या अंधारासाठी आणीबाणीच्या दिव्यांची ४८ व्होल्टची वीज आधीपासून खेळवलेली होती. नॉयमननं तिच्यावर चालेल असा केएम ८४ करून दिला, आणि उत्तर ध्रुवाजवळच्या त्या दिव्यांचा आकडा आज गावोगावच्या भजनी मंडळांच्या मिक्सरवर बटणाशेजारी छापलेला असतो.

हे ४८ व्होल्ट मिक्सरच्या आतल्या अँप्लिफायरमध्ये शिरता कामा नयेत. म्हणून दोन्ही तारांवर एकेक कंडेन्सर दाराशी बसवतात : स्थिर वीज अडवायची, गाणं आत सोडायचं. इथं इलेक्ट्रोलिटिक लागतो, कारण एवढी धारिता दुसऱ्या कुठल्याच जातीत करंगळीच्या पेरात बसत नाही. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर रासायनिक क्रियेनं चढवलेला ऑक्साइडचा थर हाच त्याचा मधला पडदा. दर व्होल्टमागे जेमतेम सव्वा-दीड नॅनोमीटर. इलेक्ट्रोलिटिक म्हणजे हलका, इलेक्ट्रोलिटिक म्हणजे आवाजाची माती, असं मानणारा एक मोठा पंथ आहे.

त्या पंथाला शास्त्राचा आधार मिळाला तो १९८० मध्ये. वॉल्टर युंग आणि रिचर्ड मार्श यांनी अमेरिकेतल्या ‘ऑडिओ’ मासिकात दोन भागांत लेख लिहून मधल्या थराचे दोष नीट मांडले. कंडेन्सर पूर्ण रिकामा केला तरी त्यातून थोडं व्होल्टेज पुन्हा वर येतं, जणू आधीचा सूर तो विसरत नाही. हा दोष इलेक्ट्रोलिटिकमध्ये खूप, पॉलिस्टायरीन-पॉलिप्रॉपिलीनमध्ये नगण्य. लेख चांगलाच होता. त्यातून घरोघरी जी टूम निघाली ती मात्र ‘दिसेल तो इलेक्ट्रोलिटिक उपटा, फिल्म लावा’ अशी.

पुढे इंग्लंडात डग्लस सेल्फ आणि सिरिल बेटमन यांनी आपापल्या मार्गानं मोजमापं केली. बेटमननं तर त्यासाठी अतिशुद्ध सूर देणारं यंत्र आधी स्वतः तयार केलं आणि २००२-०३ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड’मध्ये एकेका जातीची तपासणी छापली. या दोघांच्या कामातून मला जे उमगलं ते असं : कंडेन्सर आवाज बिघडवतो तो त्याच्या दोन पायांमध्ये गाण्याचं व्होल्टेज पडतं तेव्हा. ते पडलंच नाही, तर बिघडवायला त्याच्या हाती काही उरत नाही.

दारातल्या त्या जोडीचंच बघा. प्रत्येकी २२ मायक्रोफॅरड लावले, आत दोन हजार ओहमचा भार आहे, आणि सूर वीस हर्ट्झचा आहे. जोडीचा मिळून विरोध होतो सुमारे ७२० ओहम. म्हणजे सिग्नलच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं व्होल्टेज कंडेन्सरांवरच पडतं. इथं इलेक्ट्रोलिटिक नक्की बिघाड करणार, आणि लोक म्हणणार, जातच वाईट. आता तिथंच, त्याच जातीचे, २२० मायक्रोफॅरडचे लावा. विरोध उतरतो ७२ ओहमवर आणि त्यांच्यावरचं व्होल्टेज शेकड्याला चारहून कमी. हलक्या समजलेल्या जातीचाच दहापट मोठा भाऊ आणला आणि दोष मोजयंत्राच्या तळाशी गेला. खर्च किरकोळ वाढला. उलट तिथं फिल्म बसवायची हौस केली तर अंगठ्याएवढे दोन डबे होतात, त्यांचं अंग मोठं असल्यानं ते जवळच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ओढून घेतात, आणि आधी नसलेला त्रास सुरू होतो.

मोठ्या भावाचीही एक बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. ४८ व्होल्टवर भरलेले २२० मायक्रोफॅरड म्हणजे पाव ज्यूल ऊर्जा. चालू मिक्सरवर खराब केबल शॉर्ट झाली की ती सगळी एका झटक्यात आतल्या नाजूक ट्रान्झिस्टरवर येते. म्हणून तिथं लहान रेझिस्टर आणि डायोडचा पहारा हवाच. आणि कंडेन्सर ६३ व्होल्टचा घ्यावा. ५० चा ‘पुरतो’ म्हणून लावलेले मी फुगलेले पाहिले आहेत.

जिथं व्होल्टेज पडणं टाळताच येत नाही, अशा जागा मात्र आहेत. टोन कंट्रोल, इक्वलायझर, फिल्टर : तिथं कंडेन्सरचं कामच ते आहे की सुराचा काही भाग आपल्यावर घ्यायचा. इथं जात बघायची, आणि कडकपणे बघायची. एक्स-सेव्हन-आर इथं लावणं म्हणजे आवाजाशी वैर. व्होल्टेज चढलं की त्याची धारिता घटते, म्हणजे सुराच्या प्रत्येक लाटेबरोबर फिल्टरच बदलत राहतो. पॉलिस्टर फिल्म, म्हणजे आपला तो चपटा हिरवा किंवा चॉकलेटी रंगाचा, बऱ्याच ठिकाणी पुरतो, पण मोजलं तर त्याचा बिघाड दिसतो. पॉलिप्रॉपिलीनचा दिसत नाही. लहान मूल्यांना एनपीओ तितकाच निर्मळ. माझ्या हातून पैसे खर्च होतात ते इथं आणि माइकच्या पहिल्या पायरीवर. बाकी ठिकाणी हात आखडता घेताना मला काही वाटत नाही.

पॉलिप्रॉपिलीन म्हटलं की परदेशी स्पीकरांच्या क्रॉसओव्हरमधले, तांब्याच्या पट्ट्यांची, हजारो रुपयांची नळकांडी डोळ्यांसमोर येतात. पण छताच्या पंख्यातला अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर उघडून पाहा. आत तीच फिल्म. आपल्या नाशिकलाही फिल्म कपॅसिटरचे कारखाने आहेत. पंख्याचा उचलून स्पीकरला लावा असं मी म्हणत नाही, मूल्याची अचूकता निराळी असते; पण ते द्रव्य कुठल्या दूरदेशीच्या गुहेतून येत नाही, एवढं ध्यानात असलं की खिसा शाबूत राहतो.

इलेक्ट्रोलिटिकचा खरा शत्रू गाणं नव्हे, उष्णता. त्याच्या अंगावर १०५ अंश आणि कंपनीच्या कागदावर दोन हजार तास असं लिहिलेलं असतं. ऐकायला भीती वाटते; वर्षभर अखंड चालवलं तर तास होतात आठ हजारांवर. पण तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. ६५ अंशांवर तोच कंडेन्सर बत्तीस हजार तास जगतो. म्हणून मिक्सरमधल्या गरम हीटसिंकला टेकलेला इलेक्ट्रोलिटिक दिसला की मी आधी तो बदलतो, त्याचा ब्रँड नंतर बघतो.

दरवर्षी श्रावणात आमच्या पेठेतल्या एका मंडळाची पोरं पोटमाळ्यावरून अँप्लिफायर खाली आणतात. अकरा महिने धूळ आणि पत्र्याखालचं ऊन खाल्लेलं यंत्र. सरळ प्लगला लावलं की स्पीकरमधून जाड हुंकार येतो : शंभर हर्ट्झ, आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेच्या दुप्पट, कारण सप्लायचे कंडेन्सर लाटा सपाट करायला कमी पडलेले असतात. काही जण लगेच म्हणतात, सगळे कंडेन्सर बदलून टाका. मी आधी सिरीजमध्ये शंभराचा बल्ब लावतो, डिमरस्टॅटवरून व्होल्टेज हळूहळू, तासाभरात, वर नेतो. पडून राहिल्यानं झिजलेला ऑक्साइडचा थर पुन्हा धरतो आणि बल्ब विझत जातो. मग ईएसआर मीटरनं, म्हणजे कंडेन्सरचा आतला विरोध मोजणाऱ्या यंत्रानं, एकेक तपासतो. गेल्या वर्षी मोठ्या चौघांपैकी दोघे खरोखर सुकलेले निघाले, दोघे ठणठणीत. दोनच बदलले. नवे आणताना काकांनी एक हातात तोलून परत ठेवला. म्हणाले, “हा नको. वजन बघ, आत लहान भरून बाहेर मोठी टोपी घातलीय.” बाजारात असं होतं, आणि ते ओळखायला तळहात लागतो.

तो डब्यातला माइक गणपतीनंतर पुरा झाला. कॅप्सूल परत जोडली, पहिल्या जागी एनपीओ बसला, बोर्ड अल्कोहोलनं दोनदा धुऊन टेबललॅम्पखाली रात्रभर सुकवला. एकच निर्णय उरला होता : बाहेर जाणाऱ्या वाटेवर फिल्म लावू की इलेक्ट्रोलिटिक? दोन्हींचं मूल्य पुरेसं मोठं ठेवलं होतं, म्हणजे माझ्याच हिशेबानं फरक पडायला नको. तरी कानाची खात्री हवी होती. एक छोटा स्विच लावून दोन्ही जोडले आणि भाचीला बोलावलं. ती गाणं शिकते, तिचा मिरजेचा तानपुरा आहे, आणि तिचा कान माझ्याहून लहान आणि चांगला आहे.

दोनदा पाच-पाच मिनिटं तानपुरा वाजवला. कुठल्या वेळी कुठला कंडेन्सर होता ते तिला सांगितलं नाही. चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी उलटी ठेवली. मग दोघांनी हेडफोन लावून ऐकलं. दुसऱ्या वेळचा आवाज मला स्पष्ट वेगळा वाटला. खर्ज अधिक भरलेला, त्याच्यातून वर निघणारा गंधार अधिक उजळ. चिठ्ठी उलटली. दुसऱ्या वेळी फिल्म होती. मी तिच्याकडे बघितलं.

“वेगळा आहेच,” ती म्हणाली. “मधे खर्जाचा दोरा मी जरा पुढं सरकवला होता, मामा. जवारी बसत नव्हती.”

स्विच परत इलेक्ट्रोलिटिकवर टाकला आणि तिला म्हटलं, दोऱ्याला हात न लावता पुन्हा वाजव.